कावलूरचा आरसा

तमिळनाडूच्या उत्तर भागात जवादी नावाची डोंगररांग आहे. चंदनाच्या झाडांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासातशे मीटर उंचीवर, कावलूर हे एक लहानसे खेडे वसलेले आहे. १९६० नंतरच्या काही वर्षांत तिशी ओलांडलेले एक शास्त्रज्ञ जागेच्या शोधात या डोंगरांपर्यंत येऊन पोहोचले. त्यांना ना खाण काढायची होती, ना कारखाना. त्यांना हवा होता तो फक्त अंधार. शहरांच्या दिव्यांनी न विटाळलेले, निवळ आणि काळेभोर आकाश जेथे वर्षातील पुष्कळ रात्री दिसेल, अशी जागा ते शोधत होते. या शास्त्रज्ञांचे नाव मनाली कल्लट वैनू बाप्पू. भारतातील आधुनिक खगोलशास्त्राच्या उभारणीत त्यांच्याइतका वाटा फार थोड्यांचा आहे.

बाप्पूंचा जन्म १० ऑगस्ट १९२७ रोजी चेन्नई येथे झाला. घराणे मूळचे केरळातील तलश्शेरीचे. पण वडिलांची नोकरी हैदराबादच्या निझामिया वेधशाळेत असल्यामुळे बालपण गेले ते हैदराबादेत. आपला मराठवाडा त्या काळी ज्या संस्थानात होता, त्याच संस्थानाची ही राजधानी. निझामिया वेधशाळा हे त्या काळातील नावाजलेले ठिकाण होते. जगातील अनेक वेधशाळांनी मिळून संपूर्ण आकाशाचा छायाचित्रांच्या आधारे नकाशा तयार करण्याचे काम अंगावर घेतले होते; त्यांपैकी आकाशाचा काही पट्टा हैदराबादकडे सोपवलेला होता. वडील रात्री कामावर जात आणि मुलगा त्यांच्याबरोबर जाई. इतर मुले ज्या वयात पतंग उडवतात, त्या वयात हा मुलगा दुर्बिणीला डोळा लावून ताऱ्यांचे तेज कमीजास्त कसे होते, ते टिपून ठेवत होता. निझाम कॉलेजात पदार्थविज्ञानाचा अभ्यास चालू असतानाच त्याने अशा ताऱ्यांच्या निरीक्षणांवर लेख प्रसिद्ध केले होते.

परंतु पुढे जाण्याचा रस्ता सोपा नव्हता. खगोलशास्त्राचे उच्च शिक्षण घेण्याची सोय देशात जवळजवळ नव्हतीच. सुदैवाने अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेचे संचालक हार्लो शॅपली भारतात आले असता या तरुणाची त्यांच्याशी गाठ पडली. पुढे हैदराबाद सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९४९ च्या आरंभी बाप्पू हार्वर्डला दाखल झाले.

तेथे गेल्याला जेमतेम सहा महिने झाले असतील. २ जुलै १९४९ च्या रात्री नेहमीच्या कामाचा भाग म्हणून त्यांनी आकाशाच्या एका भागाचे छायाचित्र घेतले. काचपट्टी धुऊन पाहताना एक अनोळखी, धूसर ठिपका त्यांच्या नजरेस पडला. तो एक नवा धूमकेतू होता. त्यांचे शिक्षक बार्ट बोक आणि सहाध्यायी गॉर्डन न्यूकर्क यांनी या शोधास पुष्टी देण्यास हातभार लावला. प्रथेप्रमाणे तो धूमकेतू बाप्पू-बोक-न्यूकर्क या तिघांच्या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि बाप्पूंना अमेरिकेतील पॅसिफिक खगोलशास्त्रीय संस्थेचे डोनोहो धूमकेतू पदक मिळाले. बाविशीतल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा मोठाच मान होता. पण धूमकेतू सापडणे यात योगायोगाचाही वाटा असतो. बाप्पूंची खरी योग्यता त्यानंतरच्या कामात दिसून आली.

१९५२ मध्ये पीएच.डी. मिळवून ते कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन आणि पालोमार या वेधशाळांत कार्नेगी शिष्यवृत्तीवर काम करू लागले. पालोमारची पाच मीटर व्यासाची दुर्बीण ही त्या वेळी जगातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. तेथे ऑलिन विल्सन या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी जे संशोधन केले, ते समजून घेण्यासाठी थोडी पूर्वपीठिका पाहिली पाहिजे.

ताऱ्याचा प्रकाश लोलकातून किंवा तशाच दुसऱ्या साधनातून नेला, की त्याचा रंगीत पट्टा तयार होतो. त्याला वर्णपट म्हणतात. या पट्ट्यात जागोजागी बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. माणसाची ओळख जशी अंगठ्याच्या ठशावरून पटते, तशी या रेषांवरून ताऱ्यातील द्रव्यांची ओळख पटते. जांभळ्या रंगाच्या टोकाशी कॅल्शियमची एक रुंद काळी रेषा असते. सूर्यासारख्या किंवा त्याहून थंड ताऱ्यांच्या वर्णपटात या काळ्या रेषेच्या मध्यभागी एक अरुंद तेजस्वी रेघ आढळते. विल्सन आणि बाप्पू यांनी अशा अनेक ताऱ्यांची मोजमापे घेतली. त्यांना असे दिसले, की ही तेजस्वी रेघ जितकी रुंद, तितका तो तारा मूळचाच अधिक तेजस्वी असतो.

या नियमाचे महत्त्व एका उदाहरणाने लक्षात येईल. अमावास्येच्या रात्री दूरच्या टेकडीवर एक दिवा दिसतो. तो जवळचा लहान कंदील आहे की लांबवरची मोठी गॅसबत्ती, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. दिव्याची मूळ शक्ती कळली, तरच त्याच्या दिसणाऱ्या उजेडावरून अंतर काढता येते. ताऱ्यांच्या बाबतीत नेमकी हीच अडचण होती. कॅल्शियमच्या त्या बारीक रेघेने ताऱ्याची मूळ शक्ती सांगितली आणि त्यामुळे अंतर मोजण्याची एक नवी वाट मोकळी झाली. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आजही विल्सन-बाप्पू परिणाम या नावाने शिकवला जातो.

अशा संशोधकाला अमेरिकेत राहणे अवघड गेले नसते. बाप्पू मात्र १९५३ मध्ये भारतात परतले. पालोमारच्या दुर्बिणीवर काम केलेल्या या माणसाला स्वदेशी वापरता येईल अशी एकही मोठी आधुनिक दुर्बीण नव्हती. १९५४ मध्ये त्यांच्याकडे उत्तर प्रदेश राज्य वेधशाळेचे काम आले. वाराणसीत नुकत्याच सुरू झालेल्या या वेधशाळेसाठी गंगेकाठचे धुळीने भरलेले आकाश उपयोगाचे नव्हते. वेधशाळा नैनितालच्या डोंगरात हलवण्यात आली आणि तेथे तिची घडी बसवण्याचे काम बाप्पूंनी केले. संशोधनाची उमेदीची वर्षे त्यांनी इमारती, कारकुनी आणि मंजुऱ्या यांत घातली, असे कोणी म्हणेल. ते खोटेही नाही. पण ज्या देशात पायवाटच नाही, तेथे पहिल्या माणसाला रस्ता बांधावाच लागतो.

१९६० मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ते कोडाईकॅनॉल वेधशाळेचे संचालक झाले. १८९९ मध्ये स्थापन झालेली ही वेधशाळा सूर्याच्या अभ्यासासाठी जगभर प्रसिद्ध होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तेथे सूर्याची छायाचित्रे घेतली जात होती. सूर्यावरील डागांतून वायू बाहेरच्या दिशेने कसा वाहतो, याचा शोध जॉन एव्हरशेड यांनी १९०९ मध्ये येथेच लावला होता. मात्र बाप्पूंनी सूत्रे हाती घेतली त्या वेळी ही संस्था हवामान खात्याच्या अखत्यारीत होती, आणि जुनी कीर्ती सोडली तर तिच्यात नवे फारसे घडत नव्हते. बाप्पूंनी कार्यशाळा सुधारली, तरुण संशोधक जमवले आणि सौर संशोधनाला गती दिली. ताऱ्यांमध्ये दिसलेल्या कॅल्शियमच्या त्या तेजस्वी रेघेचे मूळ सूर्याच्या पृष्ठभागावरील बारीक तेजस्वी ठिपक्यांत कसे सापडते, याचा शोध त्यांनी के. आर. शिवरामन यांच्यासह घेतला.

तरीही कोडाईकॅनॉलच्या ढगांवर त्यांच्याकडे इलाज नव्हता. सूर्य पाहायला जे ठिकाण चांगले, ते ताऱ्यांसाठी चांगले असतेच असे नाही. म्हणून जागेचा शोध सुरू झाला आणि तो कावलूरला येऊन थांबला. विषुववृत्ताच्या उत्तरेस केवळ साडेबारा अंशांवर असल्यामुळे कावलूरहून दक्षिण गोलार्धातील आकाशाचाही मोठा भाग दिसतो. युरोप-अमेरिकेतील बहुतेक मोठ्या वेधशाळांना ही सोय नव्हती. १९६८ मध्ये तेथे पहिली दुर्बीण बसली. तिचा आरसा होता अवघा ३८ सेंटिमीटरांचा, आणि ती कोडाईकॅनॉलच्या कार्यशाळेतच तयार केलेली होती. १९७२ मध्ये पूर्व जर्मनीतील कार्ल झाइस कंपनीने बनवलेली एक मीटर व्यासाची दुर्बीण तेथे आली. १० मार्च १९७७ रोजी युरेनस हा ग्रह एका ताऱ्यासमोरून जाणार होता. ग्रहाने झाकण्याच्या आधीच त्या ताऱ्याचा प्रकाश क्षणभर मंदावल्याचे कावलूरच्या निरीक्षकांनी नोंदवले. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनाही विमानातील दुर्बिणीतून तसेच दिसले होते. युरेनसभोवती कडी आहेत, हे त्यावरून जगाला कळले.

दरम्यान १ एप्रिल १९७१ रोजी कोडाईकॅनॉलची वेधशाळा हवामान खात्यापासून वेगळी होऊन भारतीय खगोलभौतिकी संस्था ही स्वायत्त संस्था अस्तित्वात आली. तिचे पहिले संचालक बाप्पूच होते. १९७५ मध्ये संस्थेचे मुख्य ठाणे बंगळूरला हलवण्यात आले. बंगळूर निवडण्यामागे मोठाच विचार होता. भारतीय विज्ञान संस्था, रामन संशोधन संस्था, विमाने आणि यंत्रे बनवणारे मोठे कारखाने, अवकाश संशोधनाची केंद्रे, असे सारे या एका शहरात एकवटलेले होते. डोंगरावर बसून तारे पाहता येतात. पण दुर्बीण घडवायची, तर कारागीर आणि कारखानेही हाताशी असावे लागतात.

बंगळूरच्या इतिहासातील ती वर्षे खरोखर लक्षात ठेवण्याजोगी आहेत. आकाशाकडे पाहण्याच्या तीन खिडक्या त्या परिसरात जवळजवळ एकाच वेळी उघडत होत्या. डोळ्यांना दिसणारा प्रकाश ही त्यांतील फक्त एक. आकाशातून आपल्याकडे रेडिओ लहरी येतात आणि क्ष-किरणही येतात. मात्र क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणात अडतात, म्हणून ते टिपण्यासाठी उपकरण अवकाशात पाठवावे लागते. बंगळूरच्या पीण्या भागातील साध्या छपरांखाली तयार झालेला आर्यभट हा भारताचा पहिला उपग्रह १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातून अवकाशात गेला. त्याच्यावर क्ष-किरणांचा वेध घेणारे उपकरण होते. वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे काही दिवसांतच त्याचे प्रयोग बंद पडले, हे खरे. पण सुरुवात झाली होती.

दुसरी खिडकी बंगळूरच्या उत्तरेस गौरीबिदनूर येथे उघडली. बाप्पूंची संस्था आणि रामन संशोधन संस्था यांनी मिळून तेथे १९७६ च्या सुमारास एक रेडिओ दुर्बीण उभारली. तिला ना नळी, ना आरसा. मांडव घालण्यासाठी मेढी रोवाव्यात, तसे एक हजार आकाशक माळरानावर इंग्रजी टी अक्षराच्या आकारात उभे केले गेले. त्याची पूर्व-पश्चिम भुजा जवळजवळ दीड किलोमीटर लांब होती. सुमारे नऊ मीटर लांबीच्या रेडिओ लहरी हे आकाशक टिपत. प्रचंड वस्तुमानाचा तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो, तेव्हा त्याला अतिनवतारा म्हणतात. स्फोटात उधळलेले द्रव्य हजारो वर्षे पसरत राहते. त्यातील तापलेला वायू लक्षावधी अंश तापमानाला पोहोचून क्ष-किरण फेकतो, तर चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे वेगवान इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी पाठवतात. हंस तारकासमूहात अशा एका स्फोटाचे कड्यासारखे अवशेष आहेत. गौरीबिदनूरच्या दुर्बिणीने त्या अवशेषांचा रेडिओ नकाशा काढला.

मग तिसऱ्या खिडकीची, म्हणजे साध्या प्रकाशाच्या दुर्बिणीची, गरज उरली का? ती उलट वाढली. १९६३ मध्ये पालोमारच्या दुर्बिणीवर मार्टेन श्मिट यांनी एका प्रखर रेडिओ स्रोताचा वर्णपट तपासला. छायाचित्रात तो साध्या ताऱ्यासारखा दिसत होता. पण वर्णपटातील रेषांवरून उघड झाले, की तो दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून अधिक दूर आहे. म्हणजे तो तारा नव्हता. एका दूरच्या दीर्घिकेचे धगधगते केंद्र होते. अशा दीर्घिकांना सक्रिय दीर्घिका म्हणतात. त्यांच्या केंद्राशी अतिप्रचंड कृष्णविवर असून त्यात पडणारे द्रव्य तापून सर्व प्रकारचे किरण बाहेर टाकते, असे आज मानले जाते. रेडिओ दुर्बिणीने स्रोत दाखवला, तरी तो किती दूर आहे हे सांगितले वर्णपटाने. इतका मंद प्रकाश गोळा करून त्याचा वर्णपट काढायचा, तर आरसा मोठा हवा. कावलूरची एक मीटरची दुर्बीण त्याला अपुरी होती.

बाप्पूंनी २३४ सेंटिमीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण योजली, आणि ती भारतातच बनवायची असे ठरवले. काचेचा गोळा जर्मनीहून आणावा लागला. तशी काच आपल्याकडे होत नव्हती. पण तो घासून, झिलई करून त्याला आरशाचा अचूक आकार देण्याचे काम बंगळूरच्या प्रयोगशाळेत ए. पी. जयराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. हे काम किती नाजूक असते, याची कल्पना करणेही कठीण आहे. माणसाच्या केसाच्या जाडीचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढी चूकही अशा आरशात खपत नाही. थोडे घासायचे, काच निवू द्यायची, तपासायचे आणि पुन्हा थोडे घासायचे, असे हे वर्षानुवर्षांचे काम. घाई केली आणि एखाद्या ठिकाणी काच जास्त झिजली, तर ती भरून काढता येत नाही. उरलेला सारा पृष्ठभाग तिच्या पातळीला आणावा लागतो.

आरसा तोलून धरणारा, आणि पृथ्वीच्या फिरण्याबरोबर ताऱ्याचा माग काढीत अलगद वळणारा भलामोठा पोलादी सांगाडा तयार झाला तो मात्र महाराष्ट्रात. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर हे गाव उसासाठी आणि साखर कारखान्यांच्या यंत्रसामग्रीसाठी ओळखले जाते. तेथील कारखान्याने हे काम केले. उसाचे चरक बनवणाऱ्या कारखान्यात ताऱ्यांचा माग काढणाऱ्या यंत्राचे भाग घडले, ही गोष्ट अनेक मराठी वाचकांना आजही ठाऊक नसते.

तयार दुर्बीण परदेशातून विकत घेतली असती, तर ती पुष्कळ लवकर उभी राहिली असती. बाप्पूंना विकत घेण्याचे वावडे नव्हते. एक मीटरची दुर्बीण त्यांनी जर्मनीकडूनच घेतली होती. पण यंत्र आणण्याबरोबर ते घडवण्याची विद्या येत नाही. या निर्णयाची किंमत मात्र भारी होती. सुमारे दहा वर्षे त्यात गेली. जगात त्या काळात चार मीटरच्या दुर्बिणी उभ्या राहत होत्या. आणि बाप्पूंच्या बाबतीत ही किंमत आणखी एका प्रकारे मोजली गेली.

त्यांची कामाची पद्धत विश्रांती न घेण्याची होती. दिवसा संस्थेचा कारभार, रात्री निरीक्षणे, मध्येच कावलूर ते बंगळूर असा डोंगरातला प्रवास. अतिशय तप्त आणि वेगाने द्रव्य उधळणाऱ्या वुल्फ-राये ताऱ्यांवरील संशोधन त्यांनी कधी सोडले नाही. १६ फेब्रुवारी १९८० रोजी दक्षिण भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले, तेव्हा त्यांच्या संस्थेची पथके कर्नाटकात तळ ठोकून होती. १९७० मध्ये भटनागर पुरस्कार, १९८१ मध्ये पद्मभूषण असे सन्मान येत गेले. त्या सर्वांत मोठा मान होता तो आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या अध्यक्षपदाचा. १९७९ मध्ये हे पद मिळालेले ते पहिले भारतीय होत.

या संघाचे महाअधिवेशन ऑगस्ट १९८२ मध्ये ग्रीसमधील पात्रास या शहरी भरले. अध्यक्ष या नात्याने बाप्पूंनी ते चालवायचे होते. पण त्या वेळी ते जर्मनीतील म्यूनिक येथे रुग्णालयात होते. हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर त्यांची प्रकृती सावरली नाही. अधिवेशन चालू असतानाच, १९ ऑगस्ट १९८२ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे पंचावन्न वर्षांचे होते. दुर्बीण अजून उभी राहिलेली नव्हती.

काम थांबले नाही. त्यांच्यामागे जे. सी. भट्टाचार्य यांनी संस्थेची धुरा सांभाळली, आणि ज्यांना बाप्पूंनी हाताशी धरून शिकवले होते त्या माणसांनी आरसा, सांगाडा आणि घुमट एकत्र आणले. ६ जानेवारी १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते दुर्बिणीचे उद्घाटन झाले. तिला आणि वेधशाळेला वैनू बाप्पू यांचे नाव देण्यात आले. कावलूरला दोन्ही पावसाळ्यांचे ढग सोसावे लागतात आणि आसपासच्या गावांचे दिवे वर्षांगणिक वाढत गेले. त्यामुळे पुढच्या दुर्बिणीसाठी संस्थेला लडाखमधील हानलेच्या पठारापर्यंत जावे लागले. क्ष-किरणांची खिडकीही पुन्हा उघडली. २०१५ मध्ये भारताने ॲस्ट्रोसॅट ही अवकाश-वेधशाळा सोडली. तिच्यावर क्ष-किरणांच्या दुर्बिणींसोबत जी अतिनील किरणांची दुर्बीण बसवली होती, तिची जुळणी बाप्पूंच्याच संस्थेने बंगळूरजवळ होसकोटे येथे केली.

साध्या प्रकाशाच्या दुर्बिणींत कावलूरचा आरसा तीस वर्षे भारतातील सर्वांत मोठा होता. २०१६ मध्ये तो मान ३.६ मीटर व्यासाच्या दुसऱ्या एका दुर्बिणीकडे गेला. ती दुर्बीण देवस्थळ येथील डोंगरावर आहे. देवस्थळ नैनितालच्या परिसरात येते, आणि ती चालवणारी संस्था म्हणजे बाप्पूंनी १९५४ मध्ये जिची घडी बसवायला घेतली होती, तीच वेधशाळा.